कारी कायरामो : कागदाच्या धंद्यातला इंजिनिअर आणि नोकियाचा मोठा साहेब

कागदवाला (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. चौतीस वर्षं कागदगिरणीत काढली, त्यातली बरीचशी मशीन हाउसमध्ये. चालू मशीनवर कागद तुटला की वाजणारा भोंगा निवृत्तीनंतरही झोपेत ऐकू येतो.

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, नोकिया बुडाली कशी?" त्यावर बोलणारे गल्लीबोळात सापडतात. मला कायम उलटा प्रश्न पडतो. टॉयलेट पेपर, गमबूट, टायर आणि तारा विकणारी कंपनी मुळात फोनकडे वळलीच कशी? हा प्रश्न घेऊन वाचत बसलो की एक नाव पुन्हा पुन्हा समोर येतं, ते म्हणजे कारी कायरामो. जन्म ३१ डिसेंबर १९३२, हेलसिंकी. शिक्षण तिथल्या तंत्रविद्यापीठात. आणि माणूस आमच्या धंद्यातला बरं का, लाकूड-लगदा-कागद! पोलंड, ब्राझील, अमेरिका इथे फिनिश यंत्रांच्या विक्रीसाठी राहिला, १९७० मध्ये नोकियात आला आणि १९७७ मध्ये कंपनीचा मुख्य झाला. ११ सप्टेंबर १९८८ रोजी, पदावर असतानाच, त्याने आत्महत्या केली. तेव्हा त्याचं वय पंचावन्न होतं.

माझं मत असं की नोकियाचं सगळं श्रेय नंतरचे प्रमुख योर्मा ओलिला यांना दिलं जातं, ते बरोबर नाही. पाया या माणसाने घातला. तुम्हाला काय वाटतं?

---

खारीक_बदाम

काय झाडी, काय तळी, काय रामो! समदं ओक्के!

---

जुना_खेळाडू

खारीकराव, _/\_

पण काका, नोकियाचा संस्थापक इंजिनिअर वेगळा ना? इडेस्टाम की कोणी. मला वाटलं धागा त्याच्यावर असेल.

---

कागदवाला

बरोबर, फ्रेडरिक इडेस्टाम. तोही इंजिनिअरच, खाणीचा. १८६५ मध्ये त्याने टाम्पेरेला लगद्याची गिरणी काढली, मग थोडं पश्चिमेला नोकिया गावी दुसरी. १८७१ मध्ये लिओ मेखेलिन या मित्राबरोबर कंपनी उभी केली. मेखेलिनला वीजनिर्मितीत उतरायचं होतं, इडेस्टामला ते पसंत नव्हतं. इडेस्टाम निवृत्त झाल्यावर मेखेलिनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज आणलीच. म्हणजे "आपला धंदा सोडून नवं काही करायचं का" हे भांडण त्या कंपनीत पहिल्यापासून चालत आलेलं आहे.

---

अवंती_एस्पो

छान विषय काका. मी गेली अकरा वर्षं फिनलंडमध्ये, हेलसिंकीशेजारच्या एस्पोला आहे.

आधी एक दुरुस्ती. नोकिया बुडालेली नाही. फोनचा धंदा २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला, कंपनी आजही नेटवर्कची यंत्रणा बनवते. इथे कुणाला "नोकिया बुडाली" म्हणालं तर समोरचा काही बोलत नाही, कॉफीचा घोट घेतो फक्त. :)

कायरामो आडनावाची गोष्ट मजेची आहे. घराण्याचं मूळ आडनाव किलमान. कारीचे आजोबा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि राजकारणी होते, त्यांनी १९०६ मध्ये ते बदलून कायरामो केलं. त्या वर्षी इथे फिनिश आडनावं घ्यायची लाटच आली होती. शेकडो वर्षं शिकलेल्यांची भाषा स्वीडिश, वर राज्य रशियन झारचं, त्यामुळे फिनिश आडनाव घेणं हे एक प्रकारे जाहीर करणंच होतं की आम्ही इथले.

आणि "नोकि" म्हणजे काजळी. गावाच्या नावाचा संबंध काहीजण जुन्या भाषेतल्या एका काळ्या केसाळ प्राण्याशी लावतात. म्हणजे तुमच्या खिशातल्या फोनचं नाव काजळी किंवा मुंगूसछाप काहीतरी!

---

मी_रुक्मिणी

काजळी नोकिया! दिव्यावर आली की म्हणायचं, "अगं नोकिया पुस जरा."

---

लोखंडी_तवा

धागाकर्त्यांशी असहमत.

मी अर्थशास्त्रवाला. कायरामोने काय केलं? खरेदी, खरेदी आणि खरेदी. १९८४ मध्ये सालोरा आणि स्वीडनची लुक्सोर घेतली, दोन्ही टीव्हीवाल्या. १९८७ मध्ये फ्रान्सची ओशेआनिक, पाठोपाठ जर्मनीच्या स्टँडर्ड इलेक्ट्रिक लोरेन्झचा टीव्ही विभाग. १९८८ मध्ये एरिक्सनचा संगणक विभाग. युरोपात टीव्ही बनवण्यात तिसरा नंबर आला खरा, पण कोणत्या धंद्यात? जिथे जपानी आणि कोरियन कंपन्या किमती पाडत होत्या त्या. तो गेला तेव्हा नफा घसरणीला लागला होता. पुढे सोव्हिएत युनियन कोसळलं, फिनलंडमध्ये मंदी आली आणि कंपनी मरता मरता वाचली. संगणक विभाग १९९१ मध्ये विकला, टीव्ही १९९६ मध्ये. म्हणजे त्याने जे घेतलं ते वारसांना विकावं लागलं. याला पाया म्हणायचं?

---

जुना_खेळाडू

+१ तवा

---

कागदवाला

तवासाहेब, मुद्दा वजनदार आहे, पण तुम्ही टीव्हीकडेच बघताय.

सालोराबरोबर १९७९ मध्ये मोबिरा ही भागीदारी झाली, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. मोबिरा काय बनवायची? रेडिओफोन. १९८४ मध्ये सालोरा घेतली तेव्हा मोबिरा पूर्ण ताब्यात आली. टीव्हीच्या पोत्यातून फोन निघाला असं म्हणा हवं तर. १९८२ चा मोबिरा सेनेटर गाडीत बसवायचा फोन होता, वजन जवळपास दहा किलो. १९८७ चा सिटीमन आठशे ग्रॅमच्या आसपास. पाच वर्षांत दहा किलोवरून आठशे ग्रॅम! कोणत्याही कारखान्यात काम केलेल्याला विचारा, हे आपोआप होत नाही. वरून पैसा आणि पाठबळ मिळत राहिलं तरच होतं.

---

डोंबिवली_फास्ट_लोकल

दहा किलोचा मोबाईल. आमच्या लोकलमध्ये त्याला लगेज पास लागला असता.

---

ट्रान्झिस्टर_काका

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त, एक्स्चेंजमध्येच आयुष्य गेलं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, नोकियाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग कायरामोने सुरू केलेला नाही. तो १९६० मध्ये फिनिश केबल वर्क्समध्ये सुरू झाला, ब्योर्न वेस्टरलुंड यांच्या काळात. १९६७ मध्ये नोकिया, रबर वर्क्स आणि केबल वर्क्स अशा तीन कंपन्या एकत्र झाल्या आणि वेस्टरलुंड पहिले प्रमुख. हा विभाग बरीच वर्षं तोट्यात होता, तरी त्यांनी बंद केला नाही. पायाच्या खालचा मुरूम म्हणजे वेस्टरलुंड.

दुसरी, फोनचं सगळे बोलतात, डीएक्स २०० चं कुणी बोलत नाही. तो नोकियाचा डिजिटल एक्स्चेंज, १९८२ मध्ये सेवेत आला. जुन्या स्ट्रोजर, म्हणजे यांत्रिक एक्स्चेंजमध्ये मी उमेदवारी केली आहे. पावसाळ्यात सिलेक्टरला ओल धरली की रात्री दोन वाजता कापडाने संपर्क पुसत बसायचो. खडखडाट असा की घरी आल्यावर बायको हळू बोलली तर ऐकू यायचं नाही. त्यातून डिजिटल एक्स्चेंजच्या खोलीत पहिल्यांदा गेलो तेव्हा शांततेनेच घाबरलो, वाटलं बंद पडलंय!

मोबाईल नेटवर्क म्हणजे काय तर शेवटी एक्स्चेंजच की. फोन कुठल्या मनोऱ्याखाली आहे याचा पत्ता ठेवायचा आणि कॉल तिकडे वळवायचा. ज्याच्याकडे स्वतःचा प्रोग्राम करता येणारा डिजिटल स्विच होता तो पुढे धावला. नोकियाकडे फोनही होता आणि स्विचही. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये जीएसएम या डिजिटल मोबाईल यंत्रणेवरचा पहिला व्यावसायिक कॉल झाला, माजी पंतप्रधान हार्री होल्केरी यांनी टाम्पेरेच्या उपमहापौर कारिना सुओनिओ यांना केला. यंत्रणा नोकियाची. कायरामो जाऊन तीनही वर्षं झाली नव्हती. तीन वर्षांत हे शून्यातून होत नसतं हो.

---

लोखंडी_तवा

काका, स्विचचा मुद्दा मान्य. टीव्हीचा मान्य नाही म्हणजे नाही.

---

मी_रुक्मिणी

मला यातलं तांत्रिक कळत नाही, पण हा माणूस कागद सोडून या सगळ्यात घुसला का? आपल्याकडे साखर कारखान्याचा एमडी उठून विमानं बनवायला लागत नाही.

---

कागदवाला

ताई, हाच प्रश्न मलाही होता. माझं उत्तर अंदाजाचं आहे, पण अनुभवावरचं.

कागदाचं मशीन ही दुकानातून उचलायची वस्तू नाही. एक मशीन विकायला दोन-चार वर्षं जातात. त्या देशात राहावं लागतं, तिथली झाडं कोणती, पाणी कसं, वीज किती वेळा जाते, मंत्री कोण, बँक कोण, सगळं कळावं लागतं. आमच्या गिरणीत मशीन सुरू करायला फिनलंडहून एक तंत्रज्ञ आला होता. दिवसभरात वीस शब्द बोलायचा. एकदा ड्रायर सेक्शनपाशी थांबला, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि एवढंच म्हणाला, "हे बदला." आम्ही हसलो, मीटर तर सगळं ठीक दाखवत होता. उघडून पाहिलं तर आतल्या कड्याला केसासारखी चीर. त्या दिवसापासून आमचा फोरमनही कानाला स्क्रूड्रायव्हर लावून हिंडायला लागला, ऐकू काही येत नसलं तरी.

सांगायचा मुद्दा, कायरामो हे असलं यंत्र परदेशात विकत फिरलेला. ब्राझील आणि अमेरिका पाहून आलेल्या माणसाला दिसलं असणार की पन्नास लाखांच्या देशात राहून कागद-रबर-केबल यावर फार पुढे जाता येणार नाही. आणि केबलचं मोठं गिऱ्हाईक कोण? सोव्हिएत युनियन.

---

बखरकार

इथे एक गोष्ट घालतो. फिनलंड-सोव्हिएत व्यापार रोखीचा नव्हता, हिशेबाच्या वजावटीचा होता. तिकडून तेल यायचं आणि त्याच्या किमतीइतका माल इकडून जायचा. आपलाही रशियाशी रुपयातला व्यापार असाच चालायचा, तिकडून यंत्रं आणि शस्त्रं, इकडून चहा, चामडं, होजिअरी. यात सुख असं की गिऱ्हाईक ठरलेलं, आणि धोका असा की माल सुधारायची घाई कुणालाच नाही.

कायरामोला हे खुपत होतं असं दिसतं. पश्चिम युरोपशी जुळवून घ्या, मुलांना भाषा शिकवा, विद्यार्थी बाहेर पाठवा, असा धोशा त्याने लावला होता. युरोपातल्या उद्योगपतींच्या गोलमेज मंडळात तो होता. ऐंशीच्या दशकात फिनलंडमध्ये असं मोठ्याने बोलायला धाडस लागायचं, शेजारी कोण बसलाय ते सगळ्यांना माहीत होतं. देश युरोपियन युनियनमध्ये गेला १९९५ मध्ये.

आणि गंमत बघा, नोकियाची सगळ्यात गाजलेली जाहिरात त्याच शेजाऱ्याने फुकटात केली. १९८९ मध्ये गोर्बाचेव्ह हेलसिंकीत आले असताना सिटीमन हातात धरून मॉस्कोला बोलले, फोटो जगभर छापून आला. फोनचं टोपणनाव पडलं "गोर्बा".

---

खारीक_बदाम

आमच्या वेळी ११०० होता, त्याचं टोपणनाव "बॅटरी". लाइट गेले की पूर्ण वाडा त्यावर जेवायचा.

---

डोंबिवली_फास्ट_लोकल

११०० चा विषय काढलाच आहे तर... २००३ चं मॉडेल, पंचवीस कोटींच्या वर विकलं गेलं. माझा एकदा दिवा-मुंब्राच्या मध्ये दारातून पडला. दुसऱ्या दिवशी गँगमनने परत आणून दिला, चालू अवस्थेत, चार मिस्ड कॉलसकट.

---

जुना_खेळाडू

भारतातला पहिला मोबाईल कॉलही नोकियाच्याच फोनवरून ना? ३१ जुलै १९९५, ज्योती बसू कलकत्त्याहून, दिल्लीत तेव्हाचे दूरसंचारमंत्री सुखराम.

---

संपादक_मंडळ

कृपया धागा "माझा पहिला मोबाईल" या वळणावर नेऊ नये. त्यासाठी वेगळे तीन धागे आधीच आहेत.

---

खारीक_बदाम

चार आहेत. चौथा मीच काढलाय.

---

सदाफुली

पहिल्यांदाच लिहिते आहे, चूकभूल द्यावी.

सगळे खरेदी-विक्रीबद्दल बोलताहेत. धागाकर्त्यांनी शेवट एका वाक्यात सांगितला आणि त्यावर अजून कुणीच काही म्हटलं नाही. माझे काका एका मोठ्या कारखान्यात वर्क्स मॅनेजर होते. दिवसाला अठरा तास काम, सतत प्रवास, पार्टीत सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. मग महिनाभर खोलीचं दार बंद, पडदे ओढलेले, काकू सगळ्यांना सांगायची "ताप आलाय". आम्हा मुलांनाही तेच शिकवलं होतं. पुढे बऱ्याच उशिराने कळलं की त्या तापाला नाव आहे आणि औषधही आहे. औषध सुरू झाल्यावर काका आणखी बावीस वर्षं जगले, बागेत भेंडी लावली, आमच्यावर ओरडले. म्हणून विचारते, कायरामोच्या बाबतीत लोकांना कधी कळलं?

---

अवंती_एस्पो

सदाफुली, बरं झालं लिहिलंस.

तेव्हा बाहेर सांगितलं गेलं ते हृदयविकाराचा झटका असं. आत्महत्येचं नंतर पुढे आलं. त्याच्या आजारपणाबद्दल, म्हणजे उत्साहाची भरती आणि मग खोल ओहोटी, हेही इथे नंतरच लिहिलं गेलं. त्या वर्षी आणखी एक आघात झाला होता. तिमो कोस्की म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचा तरुण प्रमुख, ज्याच्याकडे पुढचा वारस म्हणून पाहिलं जायचं, तो १९८८ च्याच वसंतात मेंदूत रक्तस्राव होऊन अचानक गेला. काही महिन्यांत कायरामो. अशा घटनेचं एकच कारण शोधू नये असं मला वाटतं, त्यामुळे "खरेदी फसली म्हणून" वगैरे जोडू नका प्लीज.

---

लोखंडी_तवा

मी तसं जोडलं नव्हतं, पण तसं वाचलं जाऊ शकतं हे कबूल. शब्द मागे.

---

बखरकार

पदव्यांचं एक राहिलं. कायरामोला "वुओरिनेउव्होस" ही पदवी होती. शब्दशः अर्थ पर्वत-सल्लागार! मुळात खाणींच्या कारभाराशी जोडलेली, आता फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष बड्या उद्योगपतींना देतात. पर्वताचा सल्ला कुणी मागत नाही, नुसता मान. आपल्याकडचे रावबहादूर आठवा.

---

ट्रान्झिस्टर_काका

आमच्या आळीत एक रावबहादूर होते, त्यांच्याकडे ना राव ना बहादुरी, फक्त टेलिफोन होता. १९५८ साली. सगळी आळी त्यांच्या ओट्यावर.

---

बखरकार

मूळ प्रश्नाकडे. माझ्या मते श्रेयाची वाटणी करताना एक गोष्ट राहते. नोकियावर दोन मोठ्या प्रतिस्पर्धी बँकांचा पगडा होता. दोघींचे लोक संचालक मंडळात, एकमेकींकडे डोळे वटारून. १९८६ मध्ये कायरामोने कारभाराची रचना बदलून ती पकड सैल करायचा प्रयत्न केला, तो अर्धवट यशस्वी झाला. त्याच्यानंतर सिमो वुओरिलेहतो आले, त्यांनी काटकसर केली, विभाग कापले. १९९२ मध्ये ओलिला आले आणि दूरसंचार सोडून बाकी सगळं बाजूला काढायचं ठरवलं. पण ओलिलांना सिटीबँकेतून उचलून १९८५ मध्ये नोकियात आणलं कुणी? कायरामोनेच.

---

कागदवाला

हे मी लिहिणारच होतो, बखरकारांनी पळवलं.

आणि तवासाहेब, एक कोरियाचं पण बघा. अमेरिकेतल्या टँडी कंपनीबरोबर भागीदारी करून मासानला कारखाना काढला, तोही त्याच्याच काळात. टँडीची रेडिओ शॅक ही दुकानांची साखळी. श्रीमंतांच्या गाडीतला फोन सोडून शेल्फवर ठेवून विकायचा स्वस्त फोन कसा बनवायचा, ते तिथे शिकले. तुमच्या ११०० ची शाळा तीच.

---

लोखंडी_तवा

मासानचं माहीत नव्हतं. बरं, असं म्हणतो : त्याने दहा दारं उघडली, आठ चुकीची, दोन बरोबर. ओलिलांनी आठ बंद केली. कुठली दोन उघडी ठेवायची हे कळणं मला जास्त अवघड वाटतं. त्यामुळे माझं माप अजूनही ओलिलांकडेच झुकतं, पण पहिल्याइतकं नाही.

---

मी_रुक्मिणी

दारं उघडणारा नसता तर बंद काय केलं असतं, कपाळ?

---

लोखंडी_तवा

ताई, :)

---

अवंती_एस्पो

काका, हा धागा खूप मागे गेला होता, शोधून वर काढते आहे.

काल हेलसिंकीत केबल फॅक्टरीत गेले होते. फिनिश केबल वर्क्सचा जुना कारखाना, इलेक्ट्रॉनिक्स विभाग सुरू करणारी कंपनी हीच. नोकिया तिथून निघून गेली, आता तिथे नाटकं, नाच, चित्रकारांच्या खोल्या, लहान मुलांचे वर्ग. मुलीचा नाचाचा कार्यक्रम होता. लांबच लांब पिवळट विटांची इमारत आणि आतली मोठी दालनं. समुद्राखालून टाकायच्या केबल एकेकाळी इथे बनायच्या.

येताना शेजारच्या आजोबांना सांगितलं. ते केबलमध्ये होते, आयुष्यभर. ते आत गेले आणि हिरवे गमबूट घेऊन आले, टाचेवर नोकिया लिहिलेलं, अजून अळंबी गोळा करायला वापरतात. एका बुटाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. मी कायरामोचं नाव काढलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ते वर्ष वाईट होतं." आणि बुटांवरचा चिखल झाडायला लागले.

---

कागदवाला

ठिगळ ट्यूबचं म्हणजे सोल्यूशन लावून, की गरम करून चिकटवलेलं? विचारून सांगशील का. आमच्याकडे रबर रोलला लावलेलं ठिगळ चार दिवस टिकायचं नाही.

---

खारीक_बदाम

काका सुटले!